तेलातला शब्द

अंगाला तेल लागलं की माणूस उदार होतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण कुठल्याही मालिशवालीला विचारा. पालथं पडलेलं माणूस, डोळे मिटलेले, खांद्याची गाठ नुकतीच सुटलेली, अशा वेळी ते काय वाट्टेल ते देऊन टाकतं. आपल्या या मालिशवालीला एका बाईने घरामागची खोली कायमची दिली होती. दुसरीने मुलीच्या लग्नातली सगळी भांडी. तिसरीने तर "तू माझी मागच्या जन्मीची बहीण" इथपर्यंत मजल मारली होती. आणि आंघोळ करून बाहेर आल्यावर याच बहिणीला चहाला विचारायचीही आठवण राहिली नव्हती.

मालिशवाली या सगळ्याला हसायची. धंद्यात नव्या आलेल्या पोरींना ती सांगायची, "हे बघा, तेलातला शब्द आंघोळीपर्यंत. त्या बोलतील ते ऐकायचं, हो म्हणायचं आणि दुसऱ्या पायाला लागायचं. मनावर घ्यायचं नाही. खोटं बोलतात असं नाही गं, त्या क्षणी खरंच वाटतं त्यांना. पण साबणाबरोबर जातं वाहून."

इतकी शहाणी बाई. आणि हीच फसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय म्हणायचं?

तिला एकच मुलगी. नवरा केव्हाच दुसरीकडे संसार मांडून बसला होता, त्यामुळे घरात या दोघीच. पोरगी हुशार. हुशार म्हणजे उगाच आईला वाटते तशी नव्हे, खरोखरची. अभ्यासाला बसली की शेजारची शिवणवाली आपली मशीन थांबवायची. म्हणायची, "टाके काय, नंतरही पडतील. तिचं चालू दे." आईने पोरीला कधी तेलाच्या बाटलीला हात लावू दिला नाही. आपण चौथीपर्यंत शिकलो, आपल्या आईनेच आपल्याला शाळेतून काढून या धंद्याला लावलं, तो राग तिच्या पोटात कायम होता. म्हातारी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचा विषय निघाला की ही तोंड फिरवायची. आपल्या पोरीच्या बाबतीत असलं काही होऊ द्यायचं नाही, एवढं एक तिने मनाशी पक्कं केलं होतं.

बारावीनंतर पोरगी म्हणाली, "मला फिजिओथेरपी करायची आहे."

"म्हणजे काय गं?"

पोरीने समजावून सांगितलं. हात मोडलेल्याला, पाय लुळा पडलेल्याला, मान धरलेल्याला व्यायाम देऊन, अंग चोळून बरं करायचं.

"अगं बाई, म्हणजे मालिशच की. कोट घालून."

"आई!" पोरगी हसत सुटली. "त्यात हाडं, स्नायू, नसा सगळं शिकावं लागतं. परीक्षा असतात. पेशंट येतात आपल्याकडे, आपण नाही जायचं कुणाच्या घरी."

हे शेवटचं वाक्य मालिशवालीला फार आवडलं. ते तिने शिवणवालीला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, आणि पाठीवर हात फिरवता फिरवता तीन-चार घरच्या बायकांनाही सांगितलं. आपण नाही जायचं कुणाच्या घरी.

पोरगी परीक्षेला बसली आणि पास झाली. सरकारी कॉलेजात जागा मिळाली, राहायला वसतिगृह मिळालं, फीदेखील माफ झाली. फक्त ते कॉलेज लांब होतं. संध्याकाळी गाडीत बसलं तर सकाळी उतरायचं, इतकं लांब. पण म्हणून काय झालं? लोक परदेशी जातात. मालिशवालीने गल्लीत पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवले. शिवणवालीने वसतिगृहात घालायला दोन नवे ड्रेस बेतले आणि शिलाई घ्यायला साफ नकार दिला.

आणि मग एका सकाळी मालिशवाली कपडे वाळत घालत होती. दोरीवर पोरीचा ड्रेस, तिची ओढणी, तिचे मोजे, आणि एका कोपऱ्यात आपली दोन जुनेरं. पुढच्या महिन्यात या दोरीवर काय असेल, हे तिला तेव्हा दिसलं. तिथेच ती बादलीवर बसली. संध्याकाळी घरी येऊन कुलूप उघडायचं, आपल्यापुरतं रांधायचं, आणि बोलायचं कुणाशी? भिंतीशी? हे तिने कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? आनंदाच्या वेळी रडतात ती माणसं तिला आवडायची नाहीत.

त्याच आठवड्यात ती मॅडमकडे गेली.

मॅडम म्हणजे गावातल्या मोठ्या खासगी कॉलेजच्या प्रमुख. बाई चांगल्या होत्या, हे आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही त्यांच्यावर भलता राग धराल. खेकसणं नाही, पैशांची कटकट नाही. आठवड्यातून एकदा मालिशवाली त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत चटई अंथरायची, तेल कोमट करायची, आणि मॅडम येऊन पालथ्या पडायच्या. मॅडमच्या पाठीवर डाव्या बाजूला एक तीळ होता आणि उजव्या खांद्यात एक जुनी गाठ. ती गाठ सुटायला वेळ लागायचा.

"काय गं, आज गप्प गप्प?" मॅडमनी उशीत तोंड खुपसूनच विचारलं.

तिने सांगितलं. पोरगी, कोर्स, लांबचं कॉलेज. दोरीचं सांगितलं नाही, पण आवाजात ते आलंच असणार.

"अगं, मग आपलं कॉलेज काय वाईट आहे?" मॅडम म्हणाल्या. "हाच कोर्स आपल्याकडेही आहे. तरुण पोर इतक्या लांब कशाला पाठवतेस? आपल्याकडेच घेऊ तिला. फीचंही मी बघते."

मालिशवालीचे हात थांबले.

"थांबलीस का? तिथेच, तिथेच जरा."

हात पुन्हा चालू झाले. "खरंच, मॅडम?"

"म्हणजे काय! तुझी पोरगी ती माझी पोरगी."

आता बघा. दुसऱ्या कुठल्या मालिशवालीने येऊन हे सांगितलं असतं, तर हिने तिला काय सांगितलं असतं? पोट धरून हसली असती. पण माणसाला जे हवं असतं ते कानाला वेगळं ऐकू येतं. जिने उभ्या आयुष्यात तेलातला एकही शब्द मनावर घेतला नव्हता, तिने हा एक शब्द उचलला आणि पदराला गाठ मारून घरी नेला.

बरं, अगदीच डोळे झाकून नाही. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं. मॅडम पुन्हा म्हणाल्या, "हो गं, सांगितलं ना." पण विचारलं ते कधी? उजव्या खांद्याला तेल लावताना. मॅडम आंघोळ करून, चष्मा लावून, फोनवर बोलत खाली यायच्या तेव्हा तिने एकदाही विचारलं नाही. त्या घाईत असायच्या हे खरं. आणि त्या उभ्या असताना काय उत्तर येईल याची हिला धास्ती होती, हे त्याहून खरं.

घरी येऊन तिने पोरीला सांगितलं.

पोरीने हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "पण आई, ती जागा माझी आहे. माझं नाव लागलंय तिथे."

"इथेही लागेल. तीच पदवी, तोच कोट. वर घरचं जेवण."

"मॅडमनी नक्की सांगितलंय?"

"दोनदा विचारलं मी. तुझ्या भल्याचंच सांगतेय ना? तिथे आजारी पडलीस तर कोण बघणार? इथे मॅडम स्वतः लक्ष घालणार. असं नशीब कुणाला मिळतं?"

पोरीने आईकडे बघितलं. या आईने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या अभ्यासासाठी दिवसाला सहा-सहा पाठी चोळणारी आई. तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? "बरं," ती म्हणाली.

शिवणवालीला कळलं तेव्हा ती हातातली कात्री ठेवून आली. "हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये गं. त्या कधी बोलल्या हे? मालिश करताना ना?"

"मग काय झालं?"

"तूच सांगतेस सगळ्यांना, आंघोळीपर्यंत म्हणून."

मालिशवालीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. शिवणवालीची स्वतःची मुलगी शाळा सोडून घरी बसली होती. नेमकं तेच हिने काढलं. "तुझी शिकली नाही म्हणून माझीही अडकावी असं वाटतंय तुला."

शिवणवाली उठून गेली, आणि दुसऱ्या दिवशी ते दोन ड्रेस घडी करून उंबऱ्यावर ठेवलेले सापडले. जिने पोरीसाठी मशीन थांबवली तिला असं बोलायचं? पण माणूस आतून घाबरलेला असला की खरं बोलणाऱ्यालाच आधी ओरबाडतो.

लांबच्या कॉलेजात हजर व्हायची तारीख आली आणि गेली. त्या दिवशी पोरीने घर आवरलं, भांडी घासली, दोन्ही नवे ड्रेस ट्रंकेच्या तळाशी ठेवले. मालिशवालीने ते बघितलं आणि मनाशी म्हणाली, होईल सवय. उलट त्या दिवशी तिला गाढ झोप लागली. हे सांगायला नको वाटतं, पण लागली.

मग वाट बघणं सुरू झालं. मॅडम परगावी कुठल्याशा परिषदेला गेल्या. परत आल्या तर घरी पाहुणे. मालिशच्या वेळी ही म्हणायची, "मॅडम, पोरीचं लक्षात आहे ना?" मॅडम म्हणायच्या, "हं." एवढाच हुंकार. त्या हुंकारावर हिने आठवडे काढले. पोरगी रोज विचारायची, नंतर एक दिवसाआड विचारायला लागली, नंतर विचारेनाशी झाली. आणि मग एका सकाळी तीच बाहेरून आली आणि म्हणाली, "मॅडमच्या कॉलेजचे वर्ग सुरू झाले, आई. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथे आहे. कोट घालून चालली होती."

तोंडचं पाणी पळालं मालिशवालीच्या. तिने ठेवणीतले कपडे काढले, केस नीट बांधले, पोरीला सगळी प्रमाणपत्रं घ्यायला लावली आणि दोघी कॉलेजात गेल्या.

कॉलेजची इमारत चकचकीत. फरशीवर आपलाच चेहरा दिसावा अशी. मॅडमच्या खोलीला काचेचं दार, आणि दाराशी शिपाई.

"कोण म्हणून सांगू?"

मालिशवालीच्या ओठांवर आलं होतं, मालिशवाली म्हणून सांगा. पण शेजारी फाइल छातीशी धरून पोरगी उभी होती, बाकावर आणखी चार मुलं बसली होती. "ओळखीची आहे म्हणावं," ती म्हणाली. शिपायाने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि एकटीलाच आत सोडलं.

मॅडमनी कागदावरून मान वर केली. चष्म्यातून बघितलं. "बसा. बोला, काय काम आहे?"

इतक्या वर्षांत मॅडमनी तिला पहिल्यांदा अहो-जाहो केलं होतं. या बाईच्या पाठीवरचा तीळसुद्धा हिला पाठ, आणि त्या बाईला हिचं तोंड माहीत नव्हतं. असणार कसं? चटईवर पडायचं ते तोंड खाली करून, उठायचं ते थेट न्हाणीघरात जायचं, आणि खाली यायचं ते फोनवर बोलत, घाईत.

"मॅडम, मी."

आवाज ऐकला आणि मॅडमच्या चेहऱ्यावर ओळख आली. "अगं, तू होय! ओळखलंच नाही बघ. अशी समोर उभी कधी बघितलीच नाही मी तुला." त्या मनापासून हसल्या. "बस ना. काय झालं?"

"पोरीचं विचारायला आले."

"कुठल्या पोरीचं?"

मालिशवाली खुर्चीच्या कडेवर टेकली. मग सगळं सांगितलं, पहिल्यापासून. बोलता बोलता तिला आपलं बोलणं आपल्यालाच वेड्यासारखं वाटायला लागलं.

मॅडमना खरोखर वाईट वाटलं. तेच तर. राग तरी कुणावर काढायचा? त्या म्हणाल्या, "म्हणाले असेन गं मी. नाही कशाला म्हणू? पण त्याला अर्ज लागतो, मुदत असते, मुलाखत असते. सगळ्या जागा भरल्या. आणि हातातली सरकारी जागा सोडलीत तुम्ही? फी माफ असलेली? असं करतं का कुणी? आधी मला विचारायचं ना."

"विचारलं होतं, मॅडम."

"कधी?"

काय सांगणार? तुमच्या खांद्याची गाठ सोडवताना, असं?

मॅडमनी सुस्कारा टाकला. चष्मा काढला, मानेवर हात ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "काय सांगू, दोन दिवस झाले, मान अशी धरली आहे. वळवताच येत नाही. आता आलीच आहेस तर जरा बघतेस?"

आणि ती उठली. अहो, उठली ती! मी तिथे असतो तर तिचा हात धरून तिला बाहेर काढलं असतं. पण इतक्या वर्षांचे हात, ते कुणाला विचारतात? ती खुर्चीमागे गेली, अंगठे मानेच्या मुळाशी टेकवले आणि दाबायला लागली. मॅडमचे डोळे मिटले. खांदे खाली आले.

"आहाहा. पुढच्या वर्षी नक्की हं," मॅडम म्हणाल्या. "आठवण कर मला. तुझ्या पोरीचं करून टाकू."

आणि काय सांगायचं, त्याही क्षणी मालिशवालीच्या मनात आशा उभी राहिली. पुढच्या वर्षी. ती "हो मॅडम" म्हणाली. मग तिचं लक्ष वर गेलं. काचेच्या दारापलीकडे पोरगी उभी होती, फाइल छातीशी, आणि आत बघत होती.

बाहेर आल्यावर दोघी रस्त्याला लागल्या. चालत बसथांब्यावर आल्या. थांब्यावर गर्दी नव्हती. एक म्हातारा पेपर वाचत बसला होता.

"काय म्हणाल्या?" पोरीने विचारलं.

"पुढच्या वर्षी नक्की म्हणाल्या."

पोरगी रस्त्याकडे बघत राहिली. आईला वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, फाइल फेकून देईल. तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"आई, एक विचारू? मी तिकडे जायला तुला नको होतं ना?"

"तुझ्या भल्यासाठीच मी..."

"आई."

मालिशवालीने हात मांडीवर ठेवले. कोरडे हात. खोटं बोलायची ताकद आता उरली नव्हती. "नको होतं," ती म्हणाली. "घरात तुझ्याशिवाय कोण आहे मला? संध्याकाळी कुलूप उघडायची भीती वाटायला लागली होती."

पोरीने मान हलवली. तिला हे आधीच कळलं असावं. "मग तेव्हाच असं सांगायचं होतंस गं," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नव्हता. "मी भांडले असते तुझ्याशी. रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि गेले असते. सुट्टीत येऊन तुझी समजूतही काढली असती. पण तू म्हणालीस माझ्या भल्याचं आहे. मग मी भांडणार कुणाशी?"

मालिशवालीला आपली म्हातारी आठवली. शाळेतून काढलं त्या दिवशी म्हातारीने तिला समोर बसवून सरळ सांगितलं होतं, "माझ्याच्याने आता एकटीने होत नाही, मला तुझे हात पाहिजेत. तुझं वाटोळं करतेय, ठाऊक आहे मला." या वाक्यासाठी तिने म्हातारीला जन्मभर माफ केलं नव्हतं. पण म्हातारीने निदान तिला रागवायला एक माणूस समोर ठेवला होता. आपण पोरीला तेवढंही दिलं नाही.

बस आली. पेपरवाला म्हातारा आधी चढला. पोरीने फाइल काखेत घेतली आणि नेहमीसारखा आईच्या कोपराला आधार देऊन तिला वर चढवलं. मालिशवाली चढली, आणि सगळ्या बसच्या देखत हमसून हमसून रडायला लागली.